कळ आली की जोर, कळ गेली की श्वास

लेक आता सात आठवड्यांची झाली. टाके भरून आलेत, झोप अजून तुकड्यातुकड्यातच होते, पण सगळं ताजं आहे तोवर लिहून काढते. गरोदरपणात काय खावं, कुठल्या महिन्यात कुठली सोनोग्राफी, बॅगेत काय भरावं, हे मी भरपूर वाचलं होतं. पण गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याबद्दल कुणाला विचारलं की उत्तर एकच मिळायचं : "ते जोर लाव म्हणतील, तू लाव." त्या जोराचा बाळावर काय परिणाम होतो, हे मला थेट लेबर रूममध्ये कळलं. ज्यांची तारीख जवळ आलीय त्यांना ते आधी कळावं, एवढ्यासाठी हे लिहितेय.

आम्ही पुण्यात राहतो, माझं माहेर साताऱ्याला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे दोन्ही घरांनी गृहीतच धरलं होतं. जुलै २०२४ मध्ये पुण्यात नाव नोंदवलं, माता-बाल संरक्षण कार्ड मिळालं. आशाताईंनी मातृ वंदना योजनेचा फॉर्म भरून घेतला. पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात : ३,००० नोंदणी आणि तपासणीनंतर, २,००० बाळाचा जन्मदाखला आणि पहिल्या लसी झाल्यावर. माझा फॉर्म एकदा परत आला, कारण आधारवर माहेरचं नाव आणि हॉस्पिटलच्या फाइलवर सासरचं. ही नावाची भानगड पुढे आणखी एकदा नडली, ते ओघात येईलच. ज्यांची नावं अशी दोन आहेत त्यांनी आधार, बँकेचं पासबुक आणि हॉस्पिटलची फाइल तिसऱ्या महिन्यातच एकसारखी करून घ्या. पोट वाढल्यावर रांगेत उभं राहवत नाही.

२९ डिसेंबरला खंबाटकी उतरून साताऱ्याला आले. तारीख ९ फेब्रुवारीची होती. आईच्या ओळखीच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये नाव घातलं. नॉर्मलचं पॅकेज ३८,००० रुपये, सिझर झालं तर ७५,०००. छत्तिसाव्या आठवड्याच्या तपासणीला मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. लेबर रूममध्ये कुणाला आत घेता का? बाळाची वाट मोठी करायला खालून देतात तो काप प्रत्येकीला देता का, की लागला तरच? नाळ कधी कापता? रात्री भूलतज्ज्ञ असतात का? डॉक्टर मॅडमनी शांतपणे उत्तरं दिली. एक बाईमाणूस आत चालेल, काप गरज पडली तरच, बाळ ठीक असेल तर नाळ मिनिटभर थांबून. रात्री भूलतज्ज्ञ फक्त सिझरला बोलावतात, त्यामुळे कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन मिळणार नव्हतं. बरोबर कुणीतरी असू देण्याची सूचना सरकारनेही २०१६ पासून सरकारी दवाखान्यांना दिलेली आहे, तेव्हा सरकारीत जाणाऱ्यांनीही हे विचारायला हरकत नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम फाइलवर लिहून घेतली : "पोटावरून दाब देऊ नये." माझ्या मावसबहिणीच्या वेळी एकीने कोपराने पोट दाबलं होतं. नंतर कितीतरी दिवस तिची बरगडी दुखत होती, आणि ती भीती तर तिच्या मनातून अजून गेलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही असा दाब देऊ नये असं स्पष्ट आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळपासून कंबर भरून येत होती. रात्री अकराला पाणमोट फुटली. आईने आधी पाण्याचा रंग बघितला. हे मला क्लासमध्ये शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईने. पाणी स्वच्छ होतं. हिरवट असतं तर बाळाने पोटात शी केल्याची खूण, मग एक मिनिटही घालवायचं नाही. बाबांनी गाडी काढली, मी पुण्याला नवऱ्याला फोन केला, आणि बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही हॉस्पिटलात होतो.

दारातच कागद. आधार, कार्ड, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, रक्तगट, १०,००० रुपये डिपॉझिट, आणि संमतीपत्राची चार पानं. कळ गेली की एक पान वाचायचं, कळ आली की खुर्चीची कड धरायची, असं करत मी ती वाचली. जमलं तर हा फॉर्म आधीच्या भेटीत मागून घरी वाचून ठेवा, त्या रात्री वाचण्याची वेळ नसते.

तपासलं तेव्हा पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं होतं. मग रात्रभर कॉरिडॉर. भिंतीला हात लावून चालायचं, कळ आली की आईच्या खांद्यावर डोकं टेकवायचं. आई पाठ चोळत राहिली, एकही सल्ला न देता. साडेतीनला नवरा पोचला. त्याला आत सोडलं नाही, दाराच्या काचेतून हात केला. पाचच्या सुमाराला मला उलटी झाली, अंग थरथरायला लागलं, आणि "मला नाही जमणार" असं मी आईला तीनदा तरी म्हणाले. नंतर कळलं की हे जवळजवळ प्रत्येकीला होतं, तोंड उघडत आलं की असंच वाटतं.

पाच चाळीसला तपासून सांगितलं, "पूर्ण उघडलंय. चला, जोर लावायचा."

पण मला जोर लावावासाच वाटत नव्हता! कळा होत्या, पण खाली दाबल्यासारखं, आपसूक कुंथायला होतं म्हणतात तसं काहीच नव्हतं. मी सांगितलं. ड्यूटीवरच्या डॉक्टर तरुण होत्या, रात्रभर जाग्या होत्या. त्या म्हणाल्या, "हळूहळू होईल, सुरुवात करा." मला उताणं झोपवलं, पाय वर. "श्वास घ्या, धरून ठेवा, हनुवटी छातीला, आणि अजून, अजून, अजून, सोडू नका..." मी जीव तोडून जोर लावला. कान बंद झाले, डोळ्यांपुढे काजवे. असं सात-आठ कळांना केलं.

पोटावर पट्टा बांधला होता आणि उजवीकडे मशीनवर बाळाच्या ठोक्यांचा आकडा दिसत होता. एरवी तो १३५ ते १४५च्या आसपास असायचा. ११० ते १६० ठीक असतं, हे मला माहीत होतं. मी श्वास कोंडून लांबलचक जोर लावला की तो आकडा उतरायचा. १२०, १०४, ९२. कळ संपली की परत चढायचा, पण प्रत्येक वेळी चढायला जरा जास्त वेळ लागत होता. एकदा ८४ दिसला. त्या क्षणी दुखणं-बिखणं सगळं मागे पडलं. मी फक्त आकड्याकडे बघत होते.

तेवढ्यात एक सिस्टर आत आल्या. वय पंचावन्नच्या पुढचं, हॉस्पिटलातल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी मशीनमधून निघालेला कागद हातात घेऊन बघितला, ड्यूटी डॉक्टरांशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पोरी, आता जोर नको. डाव्या अंगावर हो. तोंड उघडं ठेव आणि श्वास सोड. कळ गेली ना, की हा वेळ तुझा नाही, बाळाचा आहे."

त्यांनी गुडघ्यांमध्ये उशी दिली, आईला माझा वरचा पाय धरायला सांगितला. दोन कळा मी नुसत्या श्वास सोडत घालवल्या. तिसऱ्या कळेला आकडा ११८ पर्यंतच उतरला आणि लगेच १४०. मला रडू फुटलं.

सिस्टरांनी नंतर वॉर्डमध्ये हे नीट समजावलं, मॅडमनीही. प्रत्येक कळेला गर्भाशय आवळतं, तेवढा वेळ वारेकडे, म्हणजे प्लॅसेंटाकडे, जाणारं रक्त कमी होतं. बाळ त्या वेळेपुरतं साठ्यावर काढतं, आणि कळ गेली की पुन्हा ऑक्सिजन भरून घेतं. आईने श्वास कोंडून खूप लांब जोर लावला तर तिच्या छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं, आणि बाळाला मिळणारा वाटा आणखी कमी होतो. त्यात उताणं झोपलं की गर्भाशयाचं ओझं पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतं. निरोगी बाळ हे बराच वेळ सहन करतं, निसर्गाने त्याला तसं घडवलंय. पण दोन कळांमधली भरपाई पुरी पडली नाही तर बाळाच्या रक्तात आम्ल वाढत जातं, आणि मग जन्मल्यावर ते सुस्त असतं, रडायला वेळ लावतं. म्हणून या टप्प्यात ठोके दर पाच मिनिटांनी ऐकायला सांगितलेलं आहे. तुमच्याकडे मशीन लावलेलं नसेल तर "ठोके किती आहेत?" असं बरोबरच्या माणसाने विचारत राहावं. आपल्याला विचारायचं भान नसतं.

सव्वासहाच्या सुमाराला ती भावना आली, आणि आली की ओळखायला कुणाला विचारावं लागलं नाही. अंग आपणच खाली ढकलत होतं. आता सिस्टर म्हणाल्या, "हां, आता शरीर सांगेल तेवढाच लाव." एका कळेत तीन-चार छोटे जोर, पाच-सहा सेकंदांचे, घशातून आवाज काढत, मध्ये श्वास. कळ गेली की अंग पूर्ण सैल. आई ओल्या रुमालाने तोंड पुसायची, चमच्याने पाणी द्यायची. आकडा उतरत होता, पण चढतही होता.

सगळ्यांनी वाट बघतच बसावं, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या एका मैत्रिणीने पुण्यात पाठीतलं इंजेक्शन घेतलं होतं, तिला जोराची भावना फारशी आलीच नाही. अशा बायकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, जवळपास २,४०० जणी होत्या. तासभर थांबून जोर लावल्याने नॉर्मलचं प्रमाण वाढलं नाही, उलट थांबलेल्यांमध्ये जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव थोडा जास्त होता. पहिलटकरणीला हा टप्पा तीन तासांपर्यंत चालू शकतो, पण थांबायचं की नाही हे ठोके बघून ठरवायचं. माझ्याकडे इंजेक्शन नव्हतं, पाणी स्वच्छ होतं, जोर थांबवला की बाळ सावरत होतं, म्हणून ते थांबणं मला लाभलं.

पावणेसातला पुन्हा गाडी अडली. डोकं दिसत होतं, कळेला पुढे यायचं आणि परत मागे जायचं. तेव्हा एकीने माझ्या छातीखाली हात ठेवला आणि म्हणाली, "जरा वरून दाबते, पटकन होईल." मी बोलायच्या स्थितीत नव्हते. आईने तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, "फाइल बघा आधी." माझी आई आयुष्यात कधी डॉक्टरांसमोर मोठ्याने बोललेली नाही. हात मागे गेला. असा दाब दिला तर गर्भाशयाला आणि बाळालाही इजा होऊ शकते. त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता, इतकी वर्षं तसंच करत आल्या असतील. पण हे थांबायला हवं.

सात वाजता डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी तपासून सांगितलं की डोकं थोडं तिरकं आहे, म्हणून अडतंय. सात वीसला ठोके १०० वर उतरले आणि या वेळी चटकन वर आलेच नाहीत. मॅडम माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "बाळ दमलंय. आता मी मदत करते. व्हॅक्यूम लावते, तुझ्या कळेबरोबरच ओढणार. तीन वेळात नाही आलं तर सिझर. चालेल?" त्या "चालेल?"साठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. भुलीचं इंजेक्शन, काप, कप लावल्याचा गार स्पर्श. दुसऱ्या ओढीला डोकं आलं. "आता जोर नाही, फुंकर मार, दिवा विझवल्यासारखी." मी फुंकर मारली. सात चौतीस.

ती लगेच रडली नाही. निळसर, गप्प. सिस्टरांनी तिला माझ्याच पोटावर कोरड्या दुपट्याने खसाखसा पुसलं, पाठ चोळली. मनात मोजत होते, वीसपर्यंत आले असेन, आणि ती रडली. बारीक, चिडलेलं. नाळ अजून जोडलेली होती. मी मान उचलून बघितली : निळीपांढरी, पिळदार, माझ्या करंगळीपेक्षा जाड, आणि तिच्यात ठोका दिसत होता. बघता बघता ती मऊ पडली, पांढरी झाली, तेव्हा कापली. त्या मिनिटभरात वारेतलं तिच्या हक्काचं रक्त तिला मिळतं.

वजन २ किलो ९४०. अपगार पहिल्या मिनिटाला ७, पाचव्याला ९. व्हर्जिनिया अपगार नावाच्या भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ मध्ये जन्मलेलं बाळ कसं आहे हे जोखायची ही पद्धत आणली : रंग, ठोके, प्रतिसाद, स्नायूंची ताकद, श्वास, प्रत्येकाला दोनपैकी गुण. पहिला आकडा कमी दिसला तर घाबरू नका, पाचव्या मिनिटाचा जास्त बोलका.

डोकं बघून मात्र आई गप्पच झाली. लांबुळकं, आणि वर कपाच्या जागी बशीएवढी जांभळी सूज. डोक्याची हाडं वाटेतून येताना एकावर एक सरकतात आणि काही दिवसांत जागेवर बसतात. कातडीखालची मऊ सूजही दोन-तीन दिवसांत उतरते, तशी ती उतरली. घरी आल्यावर मालिशवाल्या मावशी म्हणाल्या, "दाबून गोल करते." मी हात जोडून नाही म्हटलं. डोकं दाबायचं नाही, अजिबात नाही. व्हॅक्यूम लावलेल्या बाळाचं डोकं पहिल्या दिवशी टेपने वरचेवर मोजतात, सिस्टरांनीही मोजलं. सूज मानेकडे-कानाकडे पसरत गेली, बाळ फिकट किंवा सुस्त झालं, तर आत रक्त साठत असू शकतं आणि ते तातडीचं असतं. व्हिटॅमिन के, बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बीची लस पहिल्या दिवशीच झाली, कार्डावर तारखा लिहून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूला नवीन गाठ लागली, पाण्याच्या फुग्यासारखी. हाड आणि त्यावरच्या पडद्यामध्ये साठलेलं रक्त. ते आपोआप शोषलं जातं, पण आठवडे लागतात, सुई घालून काढायचं नसतं. शोषताना कावीळ वाढू शकते. आम्हाला ९ तारखेला घरी सोडलं, आणि सोमवारी १०ला ती पोटापर्यंत पिवळी दिसायला लागली, दूध प्यायला उठेना. आजी म्हणाली कोवळ्या उन्हात धरा. आम्ही रिक्षा केली. रक्ताच्या रिपोर्टात काविळीचा आकडा (बिलिरुबिन) १८.२. काचेच्या पेटीत, निळ्या लाइटखाली, डोळ्यांवर पट्टी. दर दोन तासांनी बाहेर काढून पाजायचं. टाक्यांवर बसून पाजताना मी विचार करत होते की माझ्या त्या पहिल्या सात-आठ जोरांमुळेच हे झालं का. बालरोगतज्ज्ञांना विचारलंही. ते म्हणाले, "डोकं तिरकं होतं. असं एका कारणावर बोट ठेवता येत नाही. आता दूध पाजा." तीस तासांनी १३.१. घरी.

एकूण खर्च : पॅकेज ३८,०००, व्हॅक्यूम आणि जादाच्या औषधांचे ६,५००, बालरोगतज्ज्ञांचे १,५००, लाइटखालचे दोन दिवस ५,०००, रक्ताच्या तपासण्या १,२००. सरकारी दवाखान्यात आई आणि आजारी बाळ, दोघांचेही उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहेत. आम्ही ओळखीपोटी खासगीत गेलो.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. हॉस्पिटल माहिती पाठवतं, पण फॉर्मवर सही आपल्याकडून घेतात. नवऱ्याने घाईत सही केली आणि आईच्या नावाच्या रकान्यात माझं माहेरचं आडनाव गेलं. दुरुस्तीला अर्ज, दोघांची आधार, हॉस्पिटलचं पत्र, दोन फेऱ्या आणि अकरा दिवस. तो दाखला हातात आल्याशिवाय मातृ वंदनेचा दुसरा हप्ता पुढे सरकत नव्हता. ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी हाच कागद लागणार आहे, तेव्हा सही करण्याआधी एकेक अक्षर तपासा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर रकाना मोकळा सोडता येतो, वर्षभरात फुकट घालता येतं. आम्ही मोकळा सोडला होता. बारसंही पेटीमुळे लांबलं, सव्वा महिन्याने केलं.

२१ मार्चला दीड महिन्याच्या लसींसाठी पुन्हा त्याच हॉस्पिटलात गेले. पेढ्यांचा पुडा घेतला होता. सिस्टर रात्रपाळी संपवून निघायच्या बेतात होत्या, खांद्याला पर्स. त्या दिवशीही त्यांची पाळी सातला संपली होती आणि तरी त्या माझ्या टाक्यांपर्यंत थांबल्या होत्या, हे मला आईने नंतर सांगितलं. मी काहीतरी बोलायचं ठरवून गेले होते, पण बोलताच आलं नाही. त्यांनी पर्स खाली ठेवली, लेकीचं टोपडं काढलं आणि तळहात उजव्या बाजूने हळूच फिरवला. गाठीच्या जागी आता नुसती कडा लागते, वाटाण्याएवढी.

"जिरली की," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बघून, "तू झोपतेस का गं?"